मुलींची १०० आणि २०० मीटर, जागतिक २० वर्षांखालील स्पर्धा: आपलं स्टॉपवॉचचं टायमिंग तिथे कुठे बसतं आणि मुली कशामुळे बाद होतात?

माळावरचा_ट्रॅक

नमस्कार मंडळी. तालुका-जिल्हा पातळीवर १०० आणि २०० मीटर पळणाऱ्या मुलींच्या संदर्भात विचारतोय. २००९-१० साली जन्मलेल्या, स्टॉपवॉचवर १०० मीटर १२.१ आणि २०० मीटर २५.२ च्या आसपास पळणाऱ्या मुली गृहीत धरा. सराव मातीच्या ट्रॅकवर, रेषा चुन्याच्या.

जागतिक ज्युनियरचे (आता २० वर्षांखालील म्हणतात) निकाल नेटवर बघितले की २०२२ च्या कालीमध्ये (कोलंबिया) टीना क्लेटनचे १०.९५ दिसतात आणि २०२४ च्या लिमामध्ये (पेरू) अलाना रीड ११.१७ वर जिंकलेली दिसते. दोन वर्षांत एवढा फरक का? आपले १२.१ या आकड्यांशेजारी ठेवायचे तर हिशोब कसा करायचा? निकालाच्या कागदावर मोठा क्यू, छोटा क्यू, वारा, रिअ‍ॅक्शन असे रकाने असतात, ते कसे वाचायचे?

आणि मुख्य प्रश्न. त्या पातळीवर मुली नेमक्या कशामुळे बाहेर पडतात? वेग कमी पडतो हे उघड आहे. पण वेग असूनही हीटमध्येच (पहिल्याच फेरीत) संपलेल्या मुलींची नावं प्रत्येक स्पर्धेत दिसतात. सरावात आत्तापासून काय घालावं, हे जाणकारांनी सांगावं.

फोटोफिनिश_नाशिक

सर, टायमिंगपासून सुरू करते, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळं गणित चुकतं.

हाताचं टायमिंग इलेक्ट्रॉनिकशी ताडून बघायचं तर १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद मिळवायचे, ४०० ला ०.१४. म्हणजे तुमचे १२.१ तिथे १२.३४ आणि २५.२ म्हणजे २५.४४. पण हे तेव्हाच लागू, जेव्हा वॉच पिस्तुलाचा धूर किंवा क्लॅपरच्या फळ्या मिटताना बघून सुरू केलेलं असतं. अनेक मैदानांवर फिनिशला उभा असलेला टाइमकीपर आवाज ऐकून बटण दाबतो. आवाजाला १०० मीटर यायला सुमारे ०.२९ सेकंद लागतात, म्हणजे तेवढं टायमिंग फुकट कमी. २०० ला स्टार्ट तिरकस समोर, फिनिशपासून ११० मीटरवर असतो, तिथे हा घोळ ०.३३ पर्यंत जातो. शिट्टीवर स्टार्ट दिला असेल तर बघायला धूरही नाही आणि फळीही नाही, त्या टायमिंगवर काहीच ठरवू नका. आणखी एक: हाताचं टायमिंग नेहमी पुढच्या दशांशावर न्यायचं असतं. वॉचवर १२.०३ आले तर नोंद १२.१. १२.० लिहिणं चूक.

आता काली आणि लिमा. काली समुद्रसपाटीपासून साधारण १००० मीटर उंच, हवा विरळ आणि उबदार. लिमा किनाऱ्यावर, आणि ऑगस्ट हा तिथला हिवाळा, गार आणि दमट. १००० मीटर उंचीचा फायदा १०० मीटरला तीन-चार शतांशांचाच असतो, पण गार हवेत स्नायू आखडतात, वॉर्मअपची ऊब कॉल रूममध्ये (शर्यतीआधी धावपटूंना बसवतात त्या खोलीत) बसूनच निघून जाते. अर्थात टीना क्लेटन त्या वर्षी खरोखर वेगळ्याच वेगात होती. या स्पर्धेच्या इतिहासात ११ च्या आत आलेली ती पहिली मुलगी, त्याआधीचा स्पर्धा विक्रम कॅंडेस हिलचा ११.०७, २०१६ च्या बिडगोश्चमधला (पोलंड). सगळं श्रेय हवेला देणं अन्यायाचं होईल.

वाऱ्याचा रकाना मात्र रोज बघा. सेकंदाला २.० मीटरपर्यंतचा पाठीमागचा वारा चालतो, त्यापुढे टायमिंग विक्रमाला किंवा पात्रतेला धरत नाहीत, क्रमांक मात्र राहतो. मुलींच्या १०० मीटरला +२.० वारा म्हणजे साधारण ०.१० ते ०.१२ चा फायदा. वाऱ्याचं यंत्र फिनिशपासून ५० मीटरवर, १.२२ मीटर उंचीवर असतं. १०० ला पिस्तूल उडाल्यापासून १० सेकंद वारा मोजतात. २०० ला पहिली धावपटू सरळ पट्ट्यात शिरली की तिथून १० सेकंद. म्हणजे २०० च्या कागदावरचा वारा हा फक्त शेवटच्या भागाचा आहे, वळणावर समोरून किती बसला हे त्यात येत नाही.

मोठा क्यू म्हणजे क्रमांकावर पुढे गेली, छोटा क्यू म्हणजे टायमिंगवर. तीन सेमी असतील तर बहुधा प्रत्येकीतल्या पहिल्या दोघी आणि उरलेल्यांतल्या सर्वांत जलद दोघी, अशा आठ जणी फायनलला जातात. छोट्या क्यूवर अवलंबून राहिलेल्या मुलीला दुसऱ्या सेमीतला वारा बाहेर काढू शकतो. म्हणून तिसरी येतेय असं दिसलं तरी शेवटपर्यंत रेषेतून पळत जायचं, रेषेवर थांबायचं नाही. २०१८ च्या टॅम्पेरेमध्ये (फिनलंड) ब्रियाना विल्यम्स ११.१६ आणि ट्वानिशा टेरी ११.१९. त्या वेगाला ०.०३ म्हणजे जेमतेम २८ सेंटिमीटर. फोटोत छाती धरतात. डोकं, मान, हात, पाय धरत नाहीत. हात पुढे फेकून उडी मारणाऱ्या मुलीला काही मिळत नाही, उलट शेवटचं पाऊल लांबतं.

ब्लॉक_आणि_बेंड

वरचं उत्तर नेमकं आहे. मी बाद होण्याच्या प्रश्नावर येतो.

सर्वांत आधी फॉल्स स्टार्ट, म्हणजे पिस्तुलाआधीच सुटणं. एकच आणि घरी. पिस्तुलानंतर ०.१०० सेकंदाच्या आत ब्लॉकवर (पाय टेकवून सुटायच्या फळ्यांवर) दाब बदलला की सेन्सर पकडतो. चांगल्या मुलींची रिअ‍ॅक्शन (पिस्तुलापासून हालचाल सुरू होईपर्यंतचा वेळ) ०.१३ ते ०.१८ मध्ये असते, म्हणजे ०.१०० खाली येणारी मुलगी ऐकून सुटलेली नसते, अंदाजाने सुटलेली असते. हा अंदाज तिला शिकवतो कोण? आपणच. ‘सेट’ म्हटल्यावर दर वेळी तेवढ्याच अंतराने टाळी वाजवली की मूल आवाजाची वाट बघत नाही, मनात मोजायला लागतं. सरावात हे अंतर १.३ सेकंदांपासून २.५ पर्यंत मुद्दाम बदलतं ठेवा, आणि पाच-सहा स्टार्टमागे एकदा ‘सेट’ म्हणून परत उभं करा. आज्ञाही ‘ऑन युअर मार्क्स’ आणि ‘सेट’ अशाच द्या. जागतिक स्पर्धेत त्या इंग्रजीतच असतात, आणि ‘सावधान’ वर घडलेला कान तिथे क्षणभर उशिरा जागा होतो. काही शालेय स्पर्धांत पहिल्या वेळी ताकीद देऊन सोडतात. मुलीच्या भल्यासाठी सरावात तरी सोडू नका.

एक बारीक नियम माहीत असू द्या. ‘सेट’ मध्ये शरीर हललं, पण हात जमिनीवरून आणि पाय ब्लॉकच्या फळीवरून सुटले नाहीत, तर तो फॉल्स स्टार्ट धरत नाहीत. पिवळं कार्ड मिळू शकतं. दुसरं पिवळं म्हणजे लाल. कागदावर डीक्यू (बाद) आणि शेजारी १६.८ दिसलं तर फॉल्स स्टार्ट, १७ ने सुरू होणारा आकडा दिसला तर बहुधा लेनची चूक.

ब्लॉक कसा लावायचा. तयार सूत्र: पुढची फळी रेषेपासून दोन बूट, मागची तीन बूट. २४-२५ सेंटिमीटरचा बूट धरला तर साधारण ४९ आणि ७३ सेंटिमीटर. पुढची फळी ४५ अंशांच्या आसपास, मागची थोडी जास्त उभी. ‘सेट’ मध्ये पुढच्या गुडघ्यात काटकोन, मागच्यात १२० ते १३०, कंबर खांद्यापेक्षा किंचित वर. उंच मुलीला पुढची फळी अर्धा बूट मागे लागते. मुली पुढची फळी फार जवळ ठेवतात, मग कंबर वर जाते, वजन सगळं हातांवर येतं आणि पहिलं पाऊल पडण्याऐवजी अडखळतं. माप नेहमी बुटांत लक्षात ठेवायला लावा. दांड्यावरच्या खाचा मोजून ठेवलेली मुलगी परक्या कंपनीचा ब्लॉक आला की गोंधळते, कारण खाचांतलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. लेनवर गेल्यावर वेळ फार थोडा मिळतो: ब्लॉक लावणं, पायाने दाबून खिळे बसलेत का बघणं, एखादा सरावाचा स्टार्ट, बस्स. हे सगळं दोन मिनिटांत जमेपर्यंत सरावात घड्याळ लावून करून घ्या.

तरीही एक सांगतो, आणि ते काहींना पटणार नाही. १२.३४ ची मुलगी ११.५० ची होते ती ब्लॉकमुळे नाही. १२.३ ची मुलगी पहिले ३० मीटर साधारण ४.७ मध्ये काढते, ११.५ ची ४.४५ मध्ये. फरक पाव सेकंदाचा. उरलेल्या ७० मीटरमध्ये तोच फरक अर्ध्या सेकंदाच्या वर जातो. म्हणून आठवड्याचे सगळे दिवस स्टार्ट करत बसू नका. २५-३० मीटर वेग घेऊन पुढचे ३० मीटर पूर्ण ताकदीने, अशी फ्लाइंग धाव तीन-चार वेळा, मध्ये पाच-सहा मिनिटं पूर्ण विश्रांती. हे फ्लाइंग ३० तुमच्या मुलीला ३.२५ च्या आसपास लागत असेल. ३.० कडे जायला लागली की ११.५ दृष्टीस येतं. विश्रांती कमी करून दम काढायचा मोह टाळा, तसं केलं की वेगाचा सराव उरत नाही.

माळावरचा_ट्रॅक

दोघांचे आभार. आवाजावर वॉच सुरू करण्याचा मुद्दा जिल्हा स्पर्धेच्या सगळ्या पंचांना वाचून दाखवण्यासारखा आहे. पुढचं विचारतो: २०० मीटरचं वळण आणि एका दिवसात दोन फेऱ्या, याची तयारी मातीवर कशी करायची? आणि स्पाइकचे नियम काय आहेत?

ब्लॉक_आणि_बेंड

२०० मध्ये वळण अर्धंच असतं असं मुलींना वाटतं. पहिल्या लेनच्या मापाने ११५.६ मीटर वळण आणि ८४.४ मीटर सरळ आहे. आतल्या लेनची त्रिज्या ३६.५ मीटर, आठव्या लेनची सुमारे ४५. आत वळण आवळलेलं, उंच मुलीला तिथे पाय मोकळा टाकता येत नाही. आठवीत वळण सैल, पण स्टॅगर (लेनप्रमाणे पुढे सरकवलेला स्टार्ट) २६.५ मीटरचा असल्यामुळे शेवटपर्यंत कोणीच नजरेला पडत नाही. सेमी आणि फायनलच्या लेन आधीच्या फेरीतल्या कामगिरीवर ठरतात, म्हणून हीट नुसती पार पडली की झालं असं समजणारी मुलगी सेमीत पहिल्या-दुसऱ्या लेनमध्ये सापडते.

वळणावर ब्लॉक लेनच्या बाहेरच्या कडेला, आतल्या रेषेच्या स्पर्शरेषेत तोंड करून लावा, म्हणजे पहिली पाच-सहा पावलं सरळ पडतात. मग हळूहळू आत येऊन आतल्या रेषेपासून १५-२० सेंटिमीटरवर स्थिरावायचं. झुकणं घोट्यापासून, कमरेतून मोडून नाही. आतल्या रेषेवर पाय पडण्याचा नियम आता थोडा सैल झाला आहे. वळणावर एकदा रेषेला पाय लागला तर बाद करत नाहीत, नोंद करतात, पण त्याच शर्यतीच्या पुढच्या फेरीत परत लागला की बाद. म्हणजे हीटमधली चूक फायनलपर्यंत सोबत येते. चुन्याच्या रेषेवर सराव करणाऱ्या मुलींना याची एक सोय आहे: रेषेवर पडलेलं पाऊल स्पष्ट दिसतं. प्रत्येक धावेनंतर रेषा चालत जाऊन बघा, कुठल्या मीटरवर पाय आत गेला ते लिहून ठेवा. बहुतेक वेळा ते वळणाच्या शेवटी, ९० ते ११० च्या दरम्यान असतं, दम लागल्यावर झुकणं सुटतं तिथे.

वळणातून १२० मीटर, ९५ टक्के जोराने, तीन वेळा, मध्ये आठ-दहा मिनिटं. दोन फेऱ्यांसाठी तीन आठवड्यांतून एक दिवस ठेवा: सकाळी पूर्ण वॉर्मअप करून एक १८० मीटर, चार तास अंतर, संध्याकाळी परत पूर्ण वॉर्मअप करून एक १८०. दुसरं किती शतांशांनी मागे पडतं ते बघा. मुली दुसऱ्या वेळी वॉर्मअप अर्धाच करतात, सकाळी झालाय म्हणून, आणि मांडीची मागची नस तिथेच धरते. मधल्या वेळात केळी, खजूर, चिक्की, दहीभात असं ओळखीचं खाणं. परदेशात गेल्यावर जेवणाच्या हॉलमध्ये दिसेल ते नवीन चाखायचं असेल तर शेवटची शर्यत झाल्यावर.

स्पाइकबद्दल: सिंथेटिकवर पिनची लांबी जास्तीत जास्त ९ मिमी, एका बुटाला ११ पेक्षा जास्त पिना नाहीत, तळव्याची जाडी २० मिमीपर्यंत. मातीवरच्या लांब पिना तशाच ठेवून बालेवाडीला किंवा बाहेर गेलेल्या मुलीला कॉल रूममध्ये त्या काढायला लावतात, आणि शर्यतीच्या वीस मिनिटं आधी गंजलेली पिन निघत नाही. ६ मिमीच्या पिनांचा जादा संच आणि पान्याची किल्ली बॅगेत हवीच. पिना महिन्यातून एकदा काढून, आटे पुसून परत बसवा.

चार_बाय_शंभर

रिलेचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहिते. १०० मीटरला फायनल गाठू न शकणारी मुलगी ४×१०० मध्ये पदकापर्यंत जाऊ शकते, आणि जिल्हा पातळीवर याचा सराव सर्वांत कमी होतो.

जमैकाच्या मुलींनी नैरोबीत (२०२१) ४२.९४ आणि कालीत ४२.५९ असे २० वर्षांखालील जागतिक विक्रम केले. चौघींचं प्रत्येकी ११.२ धरलं तर बेरीज ४४.८ होते, म्हणजे कालीत दोन सेकंदांहून जास्त वाचले ते बॅटन चालती ठेवून. तुमच्या संघाची चार टायमिंगं मिळवा आणि रिलेचं टायमिंग वजा करा. उत्तर दोनच्या खाली आलं तर दोष बदलात आहे, पळण्यात नाही.

बदलाचा (बॅटन हातात द्यायचा) पट्टा आता सलग ३० मीटरचा आहे, पूर्वीचे १० मीटर अधिक २० मीटर वेगळे राहिलेले नाहीत. बॅटन २० ते २५ मीटरच्या दरम्यान हातात जावा. पट्ट्याच्या आत काय असावं लागतं तर बॅटन, धावपटूचं शरीर नाही. खूण म्हणून एकच चिकटपट्टी, ५ सेंमी रुंद आणि ४० सेंमी लांब एवढीच चालते. पट्ट्याच्या सुरुवातीपासून मागे २० बूट मोजून सुरुवात करा. येणारी मुलगी जाणारीला आदळत असेल तर खूण मागे न्या, पोचत नसेल तर पुढे आणा, एका वेळी एक बूट. हे पूर्ण वेगातच तपासायचं. जॉगिंगमध्ये जमलेली खूण शर्यतीत हमखास चुकते, कारण तिसरी मुलगी वळणातून दमून येते आणि चौथी ताजी सुटते. जाणारीने मागे वळून बघायचं नाही, आवाज ऐकून हात मागे, आणि तो हात हलवायचा नाही.

कागदपत्रांबद्दलही सांगते, कारण मुली यावरही अडकतात. वय ३१ डिसेंबरला किमान १६ आणि जास्तीत जास्त १९. युजीनच्या (अमेरिका) २०२६ च्या स्पर्धेसाठी जन्मवर्षं २००७ ते २०१०. एका देशाकडून एका शर्यतीत दोघीच धावू शकतात. १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धांत महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची (वाय गुणसूत्रावरचा, लिंगाशी संबंधित) चाचणी लागते, गालाच्या आतून घेतलेला नमुना किंवा रक्त, आयुष्यात एकदाच. निवड झाल्यावर घाईत नको. मुलीला आणि आईवडिलांना आधी शांतपणे समजावून सांगा, अहवाल गुप्त राहिला पाहिजे याची खात्री करा. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातला एक शब्दही जाता कामा नये.

आणि खोकल्याचं औषध. आपल्याकडच्या अनेक सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी असलेलं आहे. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय, डॉक्टरांना ‘मुलगी खेळाडू आहे’ हे सांगितल्याशिवाय काही द्यायचं नाही. लेबल नसलेली पावडर, जिममधून आलेले डबे, घटक न लिहिलेले काढे यांनाही तोच नियम.

४००_ची_बाजू

सगळं पटलं, एका गोष्टीवर वेगळं मत मांडतो. २५.४४ ची मुलगी उंच असेल आणि १५० नंतर तिचा वेग इतरांपेक्षा कमी पडत असेल, तर तिला ४०० कडे वळवून बघा. आपला इतिहास तेच सांगतो. दुती चंद २०१३ मध्ये जागतिक युवा स्पर्धेच्या १०० मीटर फायनलपर्यंत गेली, ती मोठीच कामगिरी. पण २० वर्षांखालील स्पर्धेत पळण्याच्या शर्यतींतली आपल्या मुलींची पदकं ४०० कडूनच आली. टॅम्पेरेला १२ जुलै २०१८ रोजी हिमा दास ५१.४६, चौथी लेन, शेवटच्या सरळ पट्ट्यात शिरताना ती पुढे नव्हती. नैरोबीत प्रिया मोहन ५२.७७ ने चौथी, पदक थोडक्यात गेलं, पण मिश्र रिलेचं (दोन मुलगे, दोन मुली, ४×४००) कांस्य ३:२०.६० मध्ये मिळालं. कालीत रूपल चौधरी ५१.८५ ने तिसरी आणि मिश्र रिलेचं रौप्य ३:१७.७६. मिश्र रिलेमुळे ४०० पळणाऱ्या मुलींसाठी संघात जागाही वाढल्या आहेत.

ब्लॉक_आणि_बेंड

हिशोब बरोबर आहे, पण १६ वर्षांच्या मुलीला लगेच ४०० चा दमाचा सराव लावू नका. २०० चा वेग वाढवत राहा. ४०० मध्ये पहिले २०० हे स्वतःच्या सर्वोत्तम २०० पेक्षा सेकंद-दीड सेकंद सावकाश पळायचे असतात, म्हणून २०० जितका जलद तितकी पुढची सोय मोठी. २४.५ च्या आत आल्यावर ३०० मीटरची एक चाचणी घ्या, इलेक्ट्रॉनिक नसेल तर धूर बघून. ती ४०.० च्या आत आली तर ४०० चा विचार करा, तोवर वळण आणि फ्लाइंग ३० यांवरच राहा.

माळावरचा_ट्रॅक

ठरलं. उद्यापासून क्लॅपर, बुटांचं माप आणि रेषेवरची पावलं. ३०० ची चाचणी २४.५ आल्यावरच. रिलेच्या खुणेबद्दल एकच शंका, चार_बाय_शंभर ताई: मातीवर चिकटपट्टी धरत नाही, तिथे काय करायचं?

चार_बाय_शंभर

सर, मातीवर चुन्याची आडवी पट्टी ओढा, तेवढ्याच मापाची, लेनच्या रेषेला न चिकटवता, म्हणजे मुलीच्या नजरेला रेषेपेक्षा वेगळी दिसते. आणि सिंथेटिकवर जाल तेव्हा तीच खूण वापरू नका. तिथे येणारी मुलगी जास्त वेगात येते, बहुधा एक-दोन बूट वाढवावे लागतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पूर्ण वेगात तीन बदल करून नवा आकडा ठरवा आणि तो प्रत्येकीच्या हातावर पेनाने लिहा.